अर्ध्या पायाचं सर्टिफिकेट

तेजल : पूर्ण दाबा, काका.

गुणाजी : दाबलाय गो.

तेजल : अर्धा दाबलाय. इथे व्हॅनमध्ये बसून आवाज ऐकू येतो मला. अ‍ॅक्सिलरेटर खाली पत्र्याला टेकला पाहिजे, तरच तुमच्या बसचा खरा धूर मशीनमध्ये येतो.

गुणाजी : आजपर्यंत एवढाच दाबत आलोय. तुझा बापूस भीमराज ही पीयूसीची व्हॅन चालवायचा, तेव्हा खिडकीतून असा हात वर करायचा. हात दिसला की मी पाय थांबवायचो. मशीन खुश, सर्टिफिकेट हातात, दोघं चहा प्यायला मोकळे.

तेजल : माहितीय. सगळ्या साकीनाक्यात तसंच चालतं. डिझेलची गाडी आली की अर्धा पाय, बोलायचीपण गरज नाही. पण आता इथे मी बसते आणि माझा हात वर होणार नाही.

गुणाजी : अगो, आज मुदत संपते! उद्या सकाळी शाळेच्या गेटवर वॉचमन सर्टिफिकेट मागणार. नसेल तर स्कूलबस आत सोडत नाय तो.

तेजल : मग पूर्ण दाबा ना. पास झाली तर आत्ता देते.

गुणाजी : आणि नापास झाली तर?

तेजल : तर नापास.

गुणाजी : वा! बापसाच्या दोस्ताला नापास करणार.

तेजल : दोस्ताला नाही, बसला.

वनमाला : अहो, काय चाल्लाय हय? पोरांका घरी सोडून कधीच झाला. घरी जाऊन बांगडे साफ करूचे आसत माका.

गुणाजी : तू गाडीत बस, वनमाला. मशीन गरम होतंय.

तेजल : मशीन कधीच गरम झालंय, काकी. काकांचा पाय गरम होत नाहीये.

वनमाला : पायाक काय झाला? गुडघो धरलो काय परत?

गुणाजी : हां, गुडघो.

तेजल : काका!

गुणाजी : बरं बाई, गुडघो नाय. ही पोरगी आपली बस पास करत नाय. तूच बोल आता हिच्याशी. माझं डोकं फिरलंय.

वनमाला : कित्याक गो तेजल? ही व्हॅन पहिल्यांदा इथे उभी राहिली तेव्हा नारळ कोणी फोडला? ह्यांनी. तुझा बापूस हॉस्पिटलात होता तेव्हा डब्यातून पेज कोण आणायचं? मी. आणि आज आमच्याच पोटावर पाय देतेस?

तेजल : पेज आणायचीस, काकी. मरेपर्यंत नाही विसरणार. पण पप्पा हॉस्पिटलात कशाने पोचला ते तू विसरलीस. विडी नाही, सिगारेट नाही, तंबाखू नाही. आख्खं आयुष्य ह्या रस्त्याच्या कडेला सायलेन्सरच्या मागे बसून काढलं त्याने. आता जिना चढताना मधेच पायरीवर बसतो आणि पोरं खेळताना बघतोय असं दाखवतो.

वनमाला : मग आमची एक बस अडवून त्याची छाती बरी होणार? बघ जरा ह्या रस्त्याकडे. एकेका टॉवरमधून एकेक माणूस रणगाड्याएवढी डिझेलची गाडी घेऊन निघतो. आत एकटाच, एसी लावून, काचा बंद. त्याला अडव ना! माझ्या नवऱ्याची बस तेवढी दिसली तुला. वांड पोरं भरून नेतो, म्हणून?

तेजल : ती गाडी माझ्याकडे आली ना, तर तिलापण पूर्ण पाय. सकाळपासून टेम्पोवाले शिव्या घालून पुढच्या व्हॅनकडे गेलेत. तेजल शहाणी झाली, तेजलला शिंगं फुटली. फुटू दे. मला फरक पडत नाही.

गुणाजी : महिनाभरात धंदा बसेल तुझा. एक डिझेलवाला थांबणार नाय हय.

तेजल : बसू दे.

वनमाला : थांबा दोघांनी. हा पाय अर्धा, पाय पूर्ण, ह्या काय ता? माका सरळ सांग.

गुणाजी : काय नाय गो. मशीनची भानगड असते.

तेजल : काकी, डॉक्टरने सांगितलं जोरात श्वास घे, आणि तू हळूच घेतलास, तर त्याला छाती साफच वाटणार की नाही? तसंच आहे. इंजिन पूर्ण पळवलं की खरा धूर बाहेर येतो. अर्धा पाय ठेवला की थोडाच येतो. मशीन बिचारं येईल तेवढंच मोजणार.

वनमाला : म्हणजे बसच्या काचेला लावलेला ता सर्टिफिकेट?

तेजल : अर्ध्या पायाचं आहे.

वनमाला : आणि त्याच्या आधीचा?

तेजल : तेपण.

वनमाला : अहो. बोला.

गुणाजी : काय बोलू? सगळेच करतात.

वनमाला : सगळ्यांचा नाय विचारलंय मी. आपल्या बसचा विचारलंय.

गुणाजी : मी काय एकटा हाय काय? रिवाज हाय तो इथला. आपली बस जुनी, इंजिन म्हातारं. पूर्ण दाबला तर काळं ओकणार, माहीत होतं मला. म्हणून दाबला नाय. झालं समाधान?

वनमाला : आरेतल्या गंधालीची आई आली होती, गणपतीच्या सुट्टीआधी. म्हणाली, मावशी, पोरीला बसमध्ये धुराचा वास येतो म्हणते, घरी आली की खोकते, डोकं दुखतं म्हणते. मी काय केलं माहितीय? तिला हाताला धरून बसमध्ये चढवलं आणि काचेवरचं सर्टिफिकेट दाखवलं. म्हटलं, हे बघा, सरकारचा शिक्का आहे. आमच्या बसचा धूर नाही हो. पोरगी नाटकं करते शाळेत जायला. असं म्हटलं मी त्या बाईला. तोंड वर करून.

गुणाजी : तुला काय माहीत होतं तेव्हा?

वनमाला : तुमका माहीत होता ना!

तेजल : काकी, गंधाली कुठे बसते बसमध्ये?

वनमाला : मागे. एकदम मागे. मीच नेमून दिलंय. आधी उतरणारी पोरं पुढे, शेवटी उतरणारी मागे, म्हणजे दारात चेंगराचेंगरी होत नाही. मरोळची पोरं आधी उतरतात. आरेच्या पाड्यावरची शेवटी. म्हणजे ज्यांच्या दारात झाडं आहेत, तीच सगळ्यात जास्त वेळ...

गुणाजी : पुरे आता.

वनमाला : पुरे नाय! मागच्या दरवाजाला फट आहे. सिग्नलला बस उभी राहिली की तिथून धूर आत येतो. मी त्यात फडकं कोंबते. रोज घरी नेऊन ते फडकं धुते आणि रोज ते काळंकुट्ट होतं. आणि मी रोज शिव्या कोणाला घालते? मागच्या डंपरला! पुढच्या ट्रकला! आपल्या बसवर संशयसुद्धा आला नाही माझा. सर्टिफिकेट होतं ना आपल्याकडे.

तेजल : काकी, पाणी पी जरा.

वनमाला : नको माका पाणी. मीपण मागेच बसते त्यांच्याबरोबर. मला वाटायचं, वय झालं, म्हणून दम लागतो.

गुणाजी : झालं? सगळा दोष गुणाजीच्या माथ्यावर मारून झाला? आता माझं ऐका. माझा बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडली, तो घरी बसला आणि मी गाडी चालवायला लागलो. पहिली गाडी घ्यायला गेलो तेव्हा सगळे काय म्हणाले? डिझेलची घे. डिझेल स्वस्त आहे, सरकारच स्वस्त ठेवतं, शेतकऱ्याच्या पंपाला लागतं म्हणून. बँकेचा माणूस म्हणाला, डिझेलची घे. शाळेचा माणूस म्हणाला, डिझेलची असेल तर भाडं परवडेल आम्हाला. सगळ्यांनी मिळून मला ह्या सीटवर बसवला. आता तेच सगळे नाकाला रुमाल लावून विचारतात, गुणाजी, हा धूर कसला?

तेजल : खरंय तुमचं.

गुणाजी : खरंय म्हणून माझ्या हातात काय पडलं? म्हणे सीएनजी घ्या. घेतो! पंपावर रांग बघितलीस? सकाळी पोरांना शाळेत सोडू की रांगेत उभा राहू? म्हणे इलेक्ट्रिक घ्या. दहिसरच्या चाळीत राहतो मी. रात्री बस चार्ज कुठे करू? खिडकीतून वायर सोडू खाली, कपडे वाळत घालतात तशी?

तेजल : हे सगळं बुधवारी बोलणार का तुम्ही?

गुणाजी : कुठे?

तेजल : सुनावणीला. अंधेरीला हॉलमध्ये ठेवलीय ना, डिझेलच्या गाड्या बंद करायच्या की कसं करायचं त्यावर. कोणीपण जाऊन बोलू शकतं म्हणे.

गुणाजी : जाणारच आहे. आमची बसवाल्यांची संघटना पूर्ण जाणार. सगळ्या बस लाइनीत लावून, हॉर्न मारत. सगळ्यात पुढे माझी बस. बंदी नको म्हणून घोषणा. म्हणून तर आज हे सर्टिफिकेट पाहिजे होतं. मोर्चातल्या पहिल्या गाडीचेच कागद बघतात पोलीस.

तेजल : म्हणजे खोटं सर्टिफिकेट काचेला लावून सांगायला जाणार, आमचा धूर नाही.

गुणाजी : तर काय सांगू? आमचा आहे म्हणून?

तेजल : हो! तेच सांगा ना, काका. आमचा आहे, आणि आमच्यावर लादलेला आहे. तुम्ही सगळे अर्ध्या पायाने पास होता. मग साहेब लोक कागद बघून म्हणतात, बघा, गाड्या तर सगळ्या पास आहेत, मुंबईत प्रॉब्लेमच नाही! कशाला मग सीएनजीचे पंप वाढवायचे? कशाला बस बदलायला पैसे द्यायचे? तुमच्याच पायाने तुमची गरज पुसून टाकताय तुम्ही.

गुणाजी : भाषण चांगलं करतेस.

तेजल : भाषण नाहीये. राग आलाय मला. नापास होण्याची मर्यादापण एवढी सैल ठेवलीय ह्या जुन्या गाड्यांना, की चांगला काळा धूर असला तरी चालतो. त्यातपण आपण चोरी करतो. आणि मरतं कोण? पप्पा. काकी. ती गंधाली. एसीवाला काच वर करून जातो.

वनमाला : तेजल, नळी लावलीस ती सायलेन्सरला?

तेजल : लावलेलीच आहे.

वनमाला : अहो, उतरा खाली.

गुणाजी : कशाला?

वनमाला : मी दाबतंय.

गुणाजी : वेडी झालीस? तुका काय येता गाडीतला?

वनमाला : गाडी खय चालवूची आसा? उभ्या गाडीत पाय दाबूचो आसा ना? पाय माका पण आसत. उतरा.

गुणाजी : वनमाला, ऐक माझं. एकदा हिच्या मशीनमध्ये नापास गेली की वर ऑनलाइन जाते. मग मागे घेता येत नाय.

वनमाला : म्हणूनच दाबतंय.

(गुणाजी उतरतो. वनमाला साडी सावरत ड्रायव्हरच्या सीटवर चढते. इंजिन गुरगुरतं, मग किंचाळतं. बसच्या मागे काळा लोट उठतो. बाजूचा रिक्षावाला तोंड फिरवतो.)

तेजल : सोड, काकी! आता परत. पूर्ण... सोड. अजून एकदा. शाब्बास. बस.

वनमाला : आरशात दिसला माका. देवा रे. असला आम्ही पोरांका पाजित होतो?

गुणाजी : किती आला आकडा?

तेजल : बघा तुम्हीच.

गुणाजी : ...मला चष्मा नाय.

तेजल : नापास, काका. थोडक्यात हुकली असंपण नाही.

गुणाजी : अजून वर पाठवलं नाहीस ना? थांब. बटण दाबू नको. नाक्यावर दुसरी व्हॅन आहे. अर्ध्या पायाने दोन मिनिटांत देईल तो. उद्या सकाळची फेरी होऊ दे, मग रविवारी मी स्वतः इंजिन उघडून घेतो. नोझल बदलतो, फिल्टर बदलतो. आईशप्पथ.

तेजल : ते करा, नक्की करा. मग माझ्याकडे आणा, पास झाली तर मी पेढे वाटेन. पण आज हे नापास वर जाणार. तुम्हाला पाहिजे तर जा पुढच्या व्हॅनकडे. मी अडवू शकत नाही.

गुणाजी : जातोच. चल गो, बस मागे.

वनमाला : मी चढूचंय नाय.

गुणाजी : काय?

वनमाला : आज नाय, उद्या नाय. ह्या बसमध्ये पोरं भरणार असाल तर माझ्याशिवाय भरा.

गुणाजी : अगो, बाई नसली तर पोरी नेऊक मिळत नाय. नियम हाय. उद्या दुसरी बाई कुठून आणू मी?

वनमाला : माका म्हायत आसा नियम.

गुणाजी : म्हणजे तू माझी बस बंद करतेस. ह्या पोरीने नाय, सरकारने नाय. तू.

वनमाला : हो. मी.

गुणाजी : एवढी वर्षं ह्या बसवर जेवलीस.

वनमाला : जेवलंय. म्हणून तर सांगतंय. दुसऱ्याच्या घरची बस असती तर गप राहिले असते मी. आपली आहे. आपल्या बसने कोणाच्या पोरीचा श्वास कोंडायचा, आणि वर मी तिला नाटकी म्हणायचं? गुणाजी राणे, लग्न झाल्यापासून तुमचं नाव घेतलं नव्हतं मी. आज घेतंय. माका लाज वाटता.

तेजल : काका, बसा ना इथे. स्टुलावर बसा.

गुणाजी : नको. उभाच बरा.

तेजल : बटण दाबू का?

गुणाजी : थांब म्हटलं ना! ...तुझ्या बापसाला सांगशील?

तेजल : काय?

गुणाजी : की गुणाजीची बस नापास झाली म्हणून. तो हसेल. म्हणेल, मी एवढी वर्षं हात वर करून वाचवला ह्याला.

तेजल : नाही हसणार. तो रडेल, काका. हल्ली रडतो.

गुणाजी : दाब.

तेजल : नक्की?

गुणाजी : दाब गो! किती वेळा विचारतेस? आणि प्रिंट दे मला. नापासाची. मोठ्या अक्षरात येते ना?

तेजल : येते. कशाला पाहिजे?

गुणाजी : बुधवारी बस नाय नेत मी. ही प्रिंट नेतो. संघटनेवाले बंदी नको म्हणून बोंबलू देत. मी उभा राहून सांगतो, करा बंदी. ही बघा माझी बस, नापास आहे, आणि खरं मोजलंत तर बाहेर उभ्या असलेल्या ह्या सगळ्या नापास आहेत. आता तुम्ही सांगा, साहेब. मला डिझेलवर बसवलं कोणी? उतरवणार कसं? पंप कुठे देणार? चार्जिंग कुठे देणार? जुनी घेऊन नवी कशी देणार? ते लिहून दिल्याशिवाय मी खुर्चीवरून उठणार नाय.

तेजल : संघटनेवाले मारतील तुम्हाला.

गुणाजी : मारू देत. घरी हिने मारलंच आहे.

तेजल : मीपण येते. व्हॅन बंद ठेवून. अर्धा पाय कसा असतो ते मी सांगते त्यांना. पीयूसीवालीच्या तोंडून ऐकू दे.

गुणाजी : लायसन काढून घेतील तुझं.

तेजल : घेऊ देत. पण आधी ऐकावं लागेल त्यांना.

गुणाजी : डोक्यावर पडलेली आहेस. बापसासारखीच. ...वनमाला, ह्या प्रिंटवर आकडा काय आहे गो? वाच जरा.

वनमाला : थांबा. फोन लावतंय.

गुणाजी : कोणाला?

वनमाला : पोरांच्या घरी. उद्या बस नाय म्हणून सांगूक नको? सकाळी दारात उभी राहतील बिचारी.

गुणाजी : सांग, बस बिघडली. इंजिनचं काम काढलंय म्हणून सांग.

वनमाला : हॅलो? गंधालीची आई का? मी बसमधली मावशी बोलतेय. ...हो हो, बरी आहे. अहो, उद्या बस येणार नाही. ...नाही, बिघडली नाही. चालते. नापास झाली. धुराच्या टेस्टमध्ये. ...हो, दाखवलं होतं मी तुम्हाला, काचेवरचं. ते खोटं होतं. ...ऐका ना, ओरडा मग, आधी ऐका. तिला एकदा डॉक्टरला दाखवा, छाती तपासून घ्या. मी येते बरोबर पाहिजे तर. ...झोपली का ती? जागी असेल तर सांगा तिला, मावशी म्हणाली, तू खरं बोलत होतीस.